गळ्याचे सोळा टाके

मला क्षय झाला होता हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. लपवलं ते दुसरंच. त्या सगळ्या दिवसांत मरणाची भीती मला वाटली, पण त्याहून जास्त मी माझ्या धाकट्या जावेवर जळले. भेटायला येणारी माणसं विचारायची, ताप किती आहे, खोकला कसा आहे, भूक लागते का. पोटात काय जळतंय ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज माझ्यासारखी एखादी बाई तशाच खाटेवर पडलेली असेल तर तिला कळावं म्हणून लिहिते. आजारी पडलं म्हणून माणूस गरीब गाय होत नाही. मी तरी झाले नाही.

फोटो

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही मानवतला राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका, आमचे हे पोस्टात कारकून. त्याच घरात माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको निर्मला. दीर एसटीत कंडक्टर. निर्मला राणीसावरगावची, सातवी पास, लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मला ती अक्का म्हणायची. स्टोव्ह पेटवण्यापासून तांदूळ निवडण्यापर्यंत तिला मीच सगळं शिकवलं, आणि विणकामही मीच शिकवलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला त्याचाच सगळ्यात जास्त पस्तावा झाला.

विणकाम ही माझी मिरवायची गोष्ट होती. शिक्षिकेचं ट्रेनिंग घेताना शिकले आणि मग सुया हातातून सुटल्याच नाहीत. मधल्या सुट्टीत, एसटीच्या स्टँडवर, विहारातली वंदना सुरू व्हायची वाट बघताना माझे हात चालूच असायचे. ओळखीत कुठं बाळंतपण झालं की माझं टोपडं आणि मोजे आधी पोचायचे. हेडमास्तरांना बिनबाह्यांचा स्वेटर, आईला मफलर, स्वतःला निळा, पुढून बटणांचा. 'भामाबाईंच्या हातचं आहे' असं बायका एकमेकींना दाखवायच्या. ते ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवाळीनंतर मी माझ्या मुलीसाठी शेंदरी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. तिचं नाव वंदना, घरात वंदी. चार वर्षांची होत आली होती. पाठ पुरी झाली, पुढचा भाग बाहीच्या मुंढ्यापर्यंत आला, आणि एका दुपारी वर्गात फळ्यावर लिहिताना मला खोकल्यातून रक्त आलं.

परभणीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून बघितला आणि माझ्याशी नाही, यांच्याशी बोलले.

"घरात लहान मूल आहे का?"

"आहे. मुलगी आहे."

"मग यांना आजच भरती करा."

मी म्हणाले, "साहेब, एक दिवस घरी जाऊन येते. शाळेचं सांगायचंय, मुलीचं बघायचंय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरी गेल्यावर मुलीला कडेवर घेणार नाही, असं होईल का तुमच्याच्यानं?"

आमचे हे एकटेच साडेपाचच्या गाडीनं मानवतला परत गेले.

भिताड

आमचा वॉर्ड मागच्या अंगाला, बाकीच्या इमारतीपासून तुटून होता. सकाळी ताप बघायचा, मग इंजेक्शन, मग मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी तोंडाची चव जायची आणि लघवीला जाताना भिंत धरावी लागायची. दुपारी सक्तीनं पडून राहायचं. थुंकायला झाकणाचं भांडं खाटेखाली. पहिले आठ दिवस मला त्या भांड्याची इतकी लाज वाटायची की मी ते पायानं आत ढकलून ठेवायची. नंतर लाज गेली. कुणाची राहते तिथं?

पहिल्या आठवड्यातच मी यांना सांगून अर्धा स्वेटर मागवून घेतला. पिशवी उशाशी ठेवली, सुया हातात घेतल्या, तेवढ्यात सिस्टर आल्या. स्वभावानं बऱ्या होत्या, पण बोलायला सरळसोट.

"लोकर इथं चालणार नाही बाई. तंतू नाकातोंडात जातात."

"मी तोंडाला रुमाल बांधून विणते."

"आणि इथं विणलेलं तुमच्या मुलीच्या अंगात घालाल का?"

पिशवी यांच्याबरोबर परत गेली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझे हात रिकामे झाले. पांघरुणाचा कोपरा धरून मी नुसतीच बोटं हलवत बसायची, दोन सुलट, दोन उलट. मग तेही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. जेवण तसंच झाकून राहायचं.

शेजारच्या खाटेवर गयाबाई होती, सेलूकडची, शेतात राबणारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि माझ्याहून जास्त आजारी. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"मास्तरीणबाई, भिताडाकडं काय बघायल्यात? भिताड काय जेवू घालनार हाय का तुमाला?"

ती उठून माझ्या ताटातली भाकरी कुस्करून दुधात घालायची आणि वाटी माझ्या हाताशी ठेवायची. कधी मी खायची, कधी नाही.

खिडकी

दर रविवारी घरची माणसं यायची. मुलांना आत बंदी होती, म्हणून वंदीला कुंपणाच्या तारेपलीकडे लिंबाखाली उभं करायचे आणि मी खिडकीतून बघायची. मधे पंचवीस-तीस पावलांचं अंतर असेल. पहिले तीन रविवार ती रडली. तिचं रडणं ऐकून माझा जीव कासावीस व्हायचा, आणि बरंही वाटायचं. चौथ्या रविवारी ती रडली नाही.

ती निर्मलाच्या कडेवर होती. केसांचा भांग निर्मला पाडते तसा वाकडा पाडलेला. रिबीन लाल, मी कधीच लाल लावत नव्हते. हे म्हणाले, "वंदी, आई बघ." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तोंड निर्मलाच्या मानेत खुपसलं. मी एकेक गोष्ट टिपून घेत होते. घरी जाऊन उलटतपासणी करायची असल्यासारखी.

त्याच्या पुढच्या रविवारी ती खडीवर पडली. गुडघा फुटला. "आई" म्हणून मोठ्यानं ओरडली आणि उठून निर्मलाकडे पळत गेली.

निर्मलानं तिला उचललं, गुडघ्याला पदर लावला आणि माझ्या खिडकीकडे बघितलं. त्या बघण्यात काहीच वाईट नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

नंतरचे तीन रविवार मी खिडकीपाशी गेले नाही. झोपलेय म्हणून सांगा, असं गयाबाईला सांगायची. खरं म्हणजे मी भिंतीकडे तोंड करून मनात निर्मलाच्या चुका मोजत असायची. तिला भाताचं पाणी कळत नाही. तिचा हात विणताना सैल पडतो. ती गाणं बेसूर म्हणते. माझी लेक ते बेसूर गाणं ऐकत झोपते.

त्यानंतरच्या रविवारी निर्मला एकटीच तार ओलांडून खिडकीखाली आली. मोठ्या माणसांना तिथवर येता यायचं.

"अक्का, जाग्या हायत का? वंदीचा स्वेटर म्या पुढं विणायला घेतलाय. गळ्यापाशी अडलेय. मधले टाके किती बंद करायचे?"

मी ताडकन उठले. माझा स्वेटर. मला न विचारता. अंगात ताप होता, तरी गजांना धरून उभी राहिले. तिनं दोन्ही हातांत धरून तो पुढचा भाग वर केला. मुंढ्यापर्यंत माझी वीण होती, घट्ट, एकसारखी. त्याच्या वर तिची सुरू होत होती, जराशी सैल. दुसऱ्या कुणाला तो फरक दिसला नसता. मला तिथं रेघ मारल्यासारखा दिसला. मनात आलं, मी मेल्यावरही असंच होणार आहे. माझ्या वरून ही पुढं विणत जाणार, आणि कुणाला कळणारसुद्धा नाही कुठून बदललं ते.

वंदीच्या गळ्याला सोळा टाके लागतात. हे मला झोपेतही सांगता आलं असतं.

"आठ," मी म्हणाले.

"आठच?"

"आठच. आणि गळ्याच्या पट्टीला टाके कमी उचल. बंद करताना दोरा ओढून घे, नाहीतर गळा सैल पडतो."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाली, आणि गेली.

ज्यांना विणता येत नाही त्यांच्यासाठी सांगते. आठ टाक्यांचा गळा चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यातून जात नाही. कपाळावर अडकतो, कान मुरगळतात, पोर किंचाळते. मला ते हवं होतं. निर्मलानं स्वेटर घालताना वंदीनं रडावं, तिला ढकलून द्यावं, आणि सगळ्यांनी म्हणावं, भामाला जमतं ते हिला कुठलं जमायला. हे सगळं मी 'आठ' म्हणायच्या आधीच मनात बघून घेतलं होतं. चुकून तोंडातून गेलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखी खाटेवर बसून पंचशील म्हणायला लागले. चौथ्या शीलापाशी आले, खोटं न बोलण्याच्या, आणि तिथं माझी जीभ अडली. ते तेवढं गिळून मी पाचवं म्हटलं. मग मात्र दोन्ही भाकरी खाल्ल्या.

गयाबाई म्हणाली, "आज भिताडासंगं भांडण झालेलं दिसतंय."

बटणं

पुढच्या रविवारी मी वेणी घालून, तोंड धुऊन तयार होते. ते यायच्या आधीच खिडकीत.

वंदी निर्मलाचं बोट धरून आली. अंगात शेंदरी स्वेटर. गळा अगदी बरोबर मानेवर बसलेला. डाव्या खांद्यावर पांढरी तीन बटणं.

आमच्या यांना माझं मन काय ठाऊक? तारेपलीकडून कौतुकानं ओरडून सांगत होते, "डोकं जात नव्हतं बघ. मग निर्मलानं खांदा शिवलाच नाही, पट्टी विणून बटणं लावली. गल्लीतल्या दोघीतिघींनी तसाच विणायला घेतलाय."

मी म्हणाले, "छान."

गयाबाई माझ्या मागं येऊन उभी होती. "लय देखणं झालंय की ओ. ह्येला म्हनत्यात डोकं." मी गयाबाईशी दोन दिवस बोलले नाही. तिला बिचारीला कारणही कळलं नाही. ती माझी भाकरी दुधात कुस्करतच राहिली.

त्यानंतर मी एक रविवार चुकवला नाही. चूक काढायची तर दिसायला हवं, म्हणून खिडकीत उभी राहायची. उभं राहायचं तर पायात बळ हवं, म्हणून जेवायची. तीस पावलांवरून ओरडायचं तर दम टिकायला हवा, म्हणून डॉक्टर सांगतील तसं पडून राहायची. बाही लांब झाली. मोज्याची टाच वाकडी आली. तेल कमी लाव, कपाळावर ओघळ आलेत. निर्मला सगळ्याला "बरं" म्हणायची, आणि पुढच्या रविवारी टाच उसवून नवी घातलेली असायची. तिचा तो "बरं" ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझं वजन वाढायला लागलं. डॉक्टर खूश झाले. "बाई, बाकीच्यांनाही सांगा काय केलंत ते." काय सांगणार होते मी?

गयाबाईचं वजन वाढलं नाही. उन्हाळा सरता सरता तिचा मुलगा तिला गावी घेऊन गेला. जाताना माझ्या खाटेपाशी थांबून म्हणाली, "तुमी जगनार बगा. तुमच्यात लय राग हाय." तिला सगळं कळलं होतं की काय, असं मला आजही वाटतं. तिची परत गाठ पडली नाही.

घर

सात महिन्यांनी मला घरी सोडलं, पण अटी घालून. आणखी चार महिने गोळ्या, ताट-वाटी वेगळी, खाट ओसरीवर. मुलीला जवळ घ्यायचं नाही, बोलायचं तर तोंडाला पदर लावून.

मला बघून वंदी निर्मलाच्या मागं लपली. निर्मलाला ती आई म्हणत होती. मला काहीच म्हणत नव्हती. "ती उठली का?" असं विचारायची. निर्मला तिला समजवायची, "अगं मी काकू हाय. आई ती हाय." वंदी मान हलवायची, "न्हाई."

मी ओसरीवर पडून घरातले आवाज ऐकायची. न्हाणीत दोघींचं हसणं चालायचं. मी यांना म्हणाले, "निर्मलाला थोडे दिवस माहेरी पाठवा."

हे म्हणाले, "मग लेकराला कोण बघील? तू?"

आमच्यात असं तोडून बोलणं कधी झालं नव्हतं. यांना लगेच वाईट वाटलं, माझ्या पायावर पांघरूण घातलं, पण शब्द बोलून झाला होता. आजारी माणसाच्या घरात सगळेच थकलेले असतात, हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

महिन्याभरानं दिरांची जिंतूरला बदली झाली. ऐकल्याबरोबर मला इतका आनंद झाला की तोंडाला पदर आहे ते बरं, असं वाटलं. आता ही जाणार. वंदी राहणार.

निर्मलानं ट्रंक उघडली आणि साड्या भरायला लागली. वंदीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आली, ट्रंकेत साड्यांवर बसली आणि उठेना. ओढलं तर कडी धरून ठेवली. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. नुसती बसून राहिली. निर्मलानं तिच्या भोवतीनं साड्या लावल्या, मग तीही तिथंच भुईवर बसली.

मी ओसरीवरून बघत होते. मला वाटलं होतं मी खूश होईन.

"निर्मला," मी म्हणाले, "गळ्याला सोळा टाके लागतात. मी तुला आठ सांगितले. मुद्दाम."

ती साडीची घडी घालत होती. हात थांबले नाहीत. "मला ठाऊक हाय, अक्का."

"कधीपासून?"

"आधीपासूनच. तिचा जुना स्वेटर तुमच्या पेटीत हाय की. त्याचे टाके म्या मोजून ठेवले होते."

"मग विचारलंस कशाला?"

"तीन आईतवार तुमी उठला न्हाईत. थोरले दादा घरी येऊन जेवंनात. वाटलं, विणायचं इचारलं तर उठसाल."

"आणि आठ म्हणाले, तर आठच कशाला विणलंस?"

तिनं घडी ट्रंकेत ठेवली. "सोळा इनले असते तर तुमच्या ध्यानात आलं असतं, हिला येतंय. मग तुमी कशाला काय सांगितलं असतं? परत भिताडाकडं तोंड करून पडला असता. मला तुमाला बोलतं ठेवायचं होतं. रागानं का व्हईना."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. आधी आला तो हेवाच. चांगुलपणातही ही माझ्या पुढं गेली, हा.

वंदी अजून ट्रंकेत बसली होती. मी तिच्याकडे बघत हिशेब केला की अजून तीन महिने मला तिला हात लावता येणार नाही. ती रोज दारात बसून रडणार आणि मी ओसरीवरून पदरातून तिला गप बस म्हणणार.

"घेऊन जा तिला," मी म्हणाले. "डॉक्टर मला बरी झाली म्हणाले की येते."

निर्मलानं या वेळी "बरं" म्हटलं नाही. स्टँडवर त्यांना पोचवायला मी गेले नाही. तेवढं माझ्यानं झालं नसतं.

जिंतूर

तीन महिन्यांनी फोटो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "आता मुलीला खुशाल जवळ घ्या." मी दवाखान्यातून घरी न जाता तशीच जिंतूरच्या गाडीत बसले.

निर्मलाची एकच खोली होती. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, वंदी तिच्या पाठीला टेकून बसली होती. मी दाराशीच बसले, सवयीनं तोंडाला पदर लावून. डॉक्टर काय म्हणाले ते निर्मलाला सांगितलं.

निर्मला म्हणाली, "मग आता पदर कशाला, अक्का?"

माझ्या हातून तो निघेना. वंदी उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत होती. मग दोन बोटांत पदर धरून तिनं तो खाली ओढला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वर्ष होत आलं होतं, तिनं माझं तोंड जवळून बघितलं नव्हतं.

"तुला दात हायत," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. तिनं पुढच्या दातावर बोट ठेवून बघितलं, मग शेजारच्या दातावर. मग वळून माझ्या मांडीत बसली. पहिल्यापेक्षा किती जड झाली होती. मी तिला दोन्ही हातांनी धरलं. एवढ्या दिवसांनंतर धरायचं कसं तेही नीट सुचेना.

"आई," ती मला म्हणाली, "तू इथंच ऱ्हानार?"

"नाही. आपण आपल्या घरी जायचं."

ती नाही म्हणाली नाही.

निर्मला चुलीकडे तोंड करून बसली होती. तव्यावरची भाकरी करपत होती आणि ती उलटत नव्हती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण दिसायची गरज नव्हती. तशीच पाठ करून मीही कितीतरी दिवस पडले होते. त्या पाठीला काय होतं ते माझ्याइतकं त्या घरात कुणाला कळणार?

"निर्मला," मी म्हणाले, "गाडी उद्या सकाळची आहे. आज तिला तूच जेवू घाल."

तिनं मागं न बघता हात लांब केला, आणि मी वंदीला तिच्याकडे जाऊ दिलं.